उंदराच्या हाती तलवार : ‘रेडवॉल’विषयी वाचकांची मतं, प्रश्न आणि उत्तरं

ब्रायन जेक्स यांच्या ‘रेडवॉल’ या मुलांच्या कादंबरीवर आम्ही वाचकांची मतं मागवली होती. कोल्हापूर शहरातून, तसंच कागल, गडहिंग्लज, इचलकरंजी, राधानगरी या भागांतून पत्रं आली. त्यांतली निवडक पत्रं इथे उत्तरांसह देत आहोत.

कादंबरी 1986 मध्ये आली. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात अशी : मॉसफ्लॉवर नावाच्या रानात लाल दगडांचा एक मठ आहे. तिथले साधू म्हणजे उंदीर, छोटे घरउंदीर. मथायस हा तिथला नवशिका, पायातल्या सपाता सावरत चालणारा पोरसवदा उंदीर. क्लूनी नावाचा एकाक्ष, लांब शेपटीचा दांडगा घुशीसारखा उंदीर आपली फौज घेऊन मठावर चालून येतो. मठाचा पूर्वीचा योद्धा मार्टिन याची हरवलेली तलवार शोधायला मथायस बाहेर पडतो आणि इकडे मठाला वेढा पडतो. पुढच्या उत्तरांत कथेतले शेवटापर्यंतचे प्रसंग येतात. ज्यांना ते आधी कळायला नको असतील त्यांनी आधी पुस्तक वाचावं.

मुलगी आठ वर्षांची आहे, तिसरीत. उंदीर-सशांची गोष्ट म्हणून पुस्तक आणलं, तर सुरुवातीलाच क्लूनीचा एक शिपाई गाडीच्या चाकाखाली जातो. पुढे वाचून दाखवावं की दोन-तीन वर्षं कपाटात ठेवावं?
— पालक, राजारामपुरी

स्वतःचं स्वतः वाचायला दहा ते बारा हे वय बरोबर. मोठ्या माणसाने शेजारी बसून वाचून दाखवायचं असेल तर आठव्या वर्षी हरकत नाही. मात्र वाचणाऱ्याने पुस्तक आधी पूर्ण वाचलेलं हवं. न वाचता रोज नवं पान उघडणं या पुस्तकाच्या बाबतीत चालत नाही.

तीन जागा आधीच माहीत असू द्या. पहिली, मेथुसेला या म्हाताऱ्या उंदराचा मृत्यू. तो मठाच्या नोंदी ठेवणारा, मथायसचा गुरूसारखा सोबती. चोरी करून पळणारा कोल्हा त्याला झोळीचा तडाखा देतो आणि तो जातो. मुलांना सगळ्यात जास्त लागतं ते इथे, कारण लढाई नसताना, ध्यानीमनी नसताना हे घडतं. हा भाग गाळू नका. गाळला तर पुढे मथायस एकटा का पडतो ते कळत नाही, आणि मूल ‘मेथुसेला कुठे गेला?’ असं विचारत राहतं. दुसरी जागा, दगडाच्या खाणीतला ॲस्मोडियस हा साप. तिसरी जागा शेवट : घंटा कोसळून क्लूनी मरतो, आणि त्याच्या विषारी शेपटीच्या जखमेने मठाधिपतीही जातो.

सापाचा भाग रात्री झोपताना घेऊ नका. सुटीच्या दिवशी सकाळी घ्या आणि मथायस बिळात शिरण्यापासून साप मरेपर्यंत एका बैठकीत संपवा. अर्ध्यावर थांबलं की ती भीती मुलाबरोबर अंथरुणात जाते. लढाईच्या वर्णनांनी या वयाची मुलं फारशी दचकत नाहीत. ती अस्वस्थ होतात घरच्यांना ओलीस धरलं की. डॉरमाउस या उंदरासारख्या छोट्या प्राण्याच्या जातीतल्या प्लम्पेनच्या बायकापोरांना क्लूनी पकडतो तिथे थांबा आणि मुलीला बोलू द्या. तिने विचारलंच तर ‘ती सुटतात का?’ याचं उत्तर सरळ देऊन टाका. उत्कंठा थोडी कमी झाली तरी चालेल.

एक गोष्ट मुलांना फार धीर देते. क्लूनीलाही वाईट स्वप्नं पडतात. स्वप्नात एक शस्त्रधारी उंदीर त्याच्या मागे लागतो आणि तो दरदरून घाम फुटून उठतो. ते प्रसंग जरा ठासून वाचा.

माझं मत स्पष्ट आहे. पुस्तक रंजक आहे, पण त्यात घरउंदीर, खार, ससा, बॅजर (बिळात राहणारं दांडगं जनावर) जन्मानेच चांगले आणि मोठे उंदीर, कोल्हे, वीझल, फेरेट (मुंगसासारखी सडपातळ शिकारी जनावरं) जन्मानेच वाईट. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात आपण मुलांच्या हाती ‘जातीवरून गुण ठरतो’ असं सांगणारी गोष्ट द्यायची का?
— शिक्षिका, गडहिंग्लज

आलेल्या पत्रांत हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे आणि तो आम्हाला बहुतांशी मान्य आहे. क्लूनीच्या फौजेत शेकडो जण आहेत. त्यांतल्या एकालाही ‘हे नको’ असं वाटत नाही, एकही जण बाजू बदलत नाही. लेखकाने ती सोय मुद्दाम केली आहे : शत्रू जातीवरून ओळखता आला की लढाई वेगाने सांगता येते आणि मरणाऱ्यांसाठी थांबावं लागत नाही. ही कादंबरीतली खरी उणीव आहे. मूल लहान आहे म्हणून ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

तरीही पुस्तक बाजूला ठेवावं असं आम्हाला वाटत नाही. त्याच पुस्तकात या नियमाला छेद देणारी पात्रं आहेत आणि वर्गात त्यांच्यावरच बोट ठेवता येतं. ज्युलियन हे मांजर आहे, पण ते उंदीर खात नाही. कॅप्टन स्नो हे घुबड उंदीर खातं, आणि तरी मथायसशी पैज लावून दिलेला शब्द पाळतं. वॉरबीक ही चिमणी आधी कडवी शत्रू असते, कैदेत असताना मथायसच्या वागण्यामुळे ती मैत्रीण होते. आणि मठाचा दरवाजा शत्रूला उघडून देतो तो ‘चांगल्या’ जातीतला प्लम्पेन, कारण त्याच्या कुटुंबाच्या जिवावर बेतलेलं असतं. म्हणजे गुण परिस्थितीने आणि निवडीने ठरतात, हे लेखकाला ठाऊक आहे. फक्त क्लूनीच्या फौजेला त्याने तो न्याय दिलेला नाही.

आपल्या पंचतंत्रात हा प्रश्न सरळ चर्चेला घेतला आहे. दुसऱ्या तंत्रात लघुपतनक कावळा हिरण्यक उंदराकडे मैत्री मागायला येतो. हिरण्यक बिळाबाहेर येतच नाही. तू खाणारा, मी तुझं खाद्य, आपली मैत्री कशी होणार, असं तो आतूनच विचारतो. मग जन्मजात वैर आणि कारणाने झालेलं वैर यांवर दोघांचा लांबलचक वाद होतो आणि शेवटी कावळ्याच्या निर्धारापुढे उंदीर विश्वास टाकतो. तिसऱ्या तंत्रात, काकोलूकीयात, नेमकं उलट घडतं : घुबडं शरण आलेल्या कावळ्यावर विश्वास ठेवतात आणि त्यांची गुहा जाळली जाते. हे दोन भाग आणि ‘रेडवॉल’ एकत्र वाचले की मुलांसमोर एकाच प्रश्नाची तीन उत्तरं येतात.

वर्गात घ्यायचं असेल तर 35 मिनिटांची एक तासिका पुरते. पहिली 10 मिनिटं फळ्यावर दोन रकाने करा : ‘काय केलं’ आणि ‘कोण आहे’. मुलांनी आधी फक्त कृती सांगायच्या (दार उघडलं, शब्द पाळला, चोरी केली, जखमीची सेवा केली) आणि त्या पहिल्या रकान्यात लिहायच्या. नंतर प्रत्येकीसमोर पात्राचं नाव. उलट क्रमाने घेतलं तर मुलं जात पाहून कृती आठवतात आणि सगळा खटाटोप वाया जातो. नंतरची 15 मिनिटं चर्चा, आणि उरलेल्या वेळात प्रत्येकाने क्लूनीच्या फौजेतल्या एका साध्या शिपायाच्या तोंडी पाच ओळी लिहायच्या : तो फौजेत का आला, त्याला काय हवंय, परत का जाता येत नाही.

चर्चेत गोंगाट होणार. त्यावर उपायही कादंबरीतच आहे. तिथल्या भांडखोर चिचुंद्र्यांच्या सभेत ज्याच्या हातात गोल दगड असेल त्यानेच बोलायचं असा नियम आहे. पंचगंगेकाठचा एक गुळगुळीत गोटा टेबलावर ठेवा. चाळीस मुलांच्या वर्गात तो मुलांनी आपापसांत फिरवू नये, दरवेळी शिक्षकाने द्यावा, नाहीतर मागच्या बाकांपर्यंत तो पोचत नाही.

पुस्तकात क्लूनीची फौज घोडा जोडलेल्या गवताच्या गाडीतून येते. गाडी आहे, घोडा आहे, मग माणसं कुठे आहेत? आणि एवढ्याशा उंदराने बॅजरशेजारी बसून कसं जेवायचं?
— विद्यार्थी, इयत्ता आठवी, कागल

तू नेमकं पकडलंस. पहिल्या पुस्तकात माणसांच्या खुणा आहेत : घोडागाडी, धान्याचं कोठार, सेंट निनियनचं पडकं चर्च. माणूस मात्र एकही नाही. लेखकाने पहिलं पुस्तक लिहिताना हे जग पक्कं ठरवलेलं नव्हतं असं त्यावरून दिसतं. पुढच्या पुस्तकांतून माणसांच्या जगाची ही सावली त्याने काढून टाकली आणि प्राण्यांचंच स्वतंत्र जग ठेवलं.

आकाराचा हिशोब तर जुळतच नाही. घरउंदीर साधारण 20 ग्रॅमचा, बॅजर 10 किलोच्या वर. म्हणजे पाचशे पटींचा फरक. कादंबरीत कॉन्स्टन्स ही बॅजर इतरांपेक्षा खूप थोर आणि ताकदवान आहे, एवढंच मानून चालायचं. लेखकाने प्राण्यांची मापं गुंडाळून ठेवली, पण त्यांचे क्रम पाळले : सगळ्यांत बलवान बॅजर, चपळ खार, धावणारा ससा, खणणारे मोल. कथा टिकते ती या क्रमावर. क्लूनी एखाद्या पानावर कॉन्स्टन्सपेक्षा ताकदवान ठरला असता तर पुस्तक तिथेच कोसळलं असतं.

शेपटीबद्दलही सांगतो. खऱ्या उंदराच्या शेपटीत विष नसतं. तोल सांभाळणं आणि अंगातली उष्णता बाहेर टाकणं ही तिची कामं. क्लूनी शेपटीच्या टोकाला विषारी काटा बसवतो, म्हणजे ते शस्त्र आहे, अवयव नव्हे. सापाच्या नजरेने भूल पडते हेही कल्पितच. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, म्हणून तो टक लावून पाहतो असं वाटतं.

मुलगा मराठी माध्यमात पाचवीत आहे. इंग्रजी पुस्तक हातात आहे, पण वाक्यं लांब, शब्द अवघड. मी वाचून मराठीत सांगायचं म्हटलं तर रोज किती, आणि कसं?
— पालक, कसबा बावडा

या पुस्तकाला ही पद्धत उत्तम मानवते, त्याला कारण आहे. जेक्स लिव्हरपूलचे. दुधाच्या गाडीवर काम करत असताना ते तिथल्या अंध मुलांच्या शाळेत दूध पोचवत आणि मुलांना वाचून दाखवत. ‘रेडवॉल’ त्या मुलांसाठी लिहिली गेली. म्हणून वास, चव, स्पर्श, आवाज यांची वर्णनं इतकी भरगच्च आहेत. कानाने ऐकण्यासाठीच हे लिखाण झालं आहे. घरात दृष्टी अधू असलेलं मूल असेल तर हे पुस्तक आधी निवडा.

आता हिशोब. कादंबरी साधारण लाखभर शब्दांची आहे, प्रकरणं छोटी आहेत. एका प्रकरणाला मोठ्याने वाचायला 12 ते 15 मिनिटं लागतात. मराठीत सांगताना 20 धरा. रोज एक प्रकरण असं धरलं तर दोन महिन्यांत पुस्तक होतं. दिवाळीच्या सुटीत उरकू म्हणाल तर होणार नाही. उन्हाळ्याची सुटी बरी.

पद्धत अशी ठेवा. आदल्या दिवशी प्रकरण स्वतः वाचा आणि पेन्सिलीने तीन प्रकारच्या खुणा करा : जे तसंच सांगायचं, जे आटोपतं घ्यायचं, आणि जे इंग्रजीतच वाचून दाखवायचं. तिसऱ्या प्रकारात फक्त संवाद ठेवा, तेही दोन-चार ओळींचे. रानाची लांब वर्णनं निम्म्यावर आणा. जेवणाची मात्र आणू नका, मुलं तीच पुन्हा मागतात. गडबड होते ती वाक्यागणिक भाषांतर करायला गेलं की. एक वाक्य इंग्रजी, एक मराठी असं चाललं की पाचव्या मिनिटाला मूल खिडकीबाहेर बघायला लागतं. निदान एक पूर्ण प्रसंग मराठीत सांगा, मगच इंग्रजी ओळीकडे वळा.

प्राण्यांची नावं बदलताना सावध राहा. वीझलच्या जागी मुंगूस घातलं की घोटाळा होतो, कारण आपल्या मुलांच्या मनात मुंगूस हा सापाशी लढणारा शूर प्राणी आहे. खलनायकाच्या टोळीत तो शोभत नाही. वीझल, फेरेट, मोल, बॅजर ही नावं तशीच ठेवा आणि पहिल्या दिवशी चित्रं दाखवा. चिचुंद्री, खार, ससा, चिमणी, कोल्हा बिनधास्त मराठीत घ्या.

तलवारीच्या शोधात मथायससमोर येणारं कोडं मात्र इंग्रजीतच सोडवावं लागतं. ‘आय, ॲम दॅट इज’ या ओळीत मथायसचं नाव दडलेलं आहे. पहिला ‘आय’ म्हणजे ‘मी’. उरलेल्या तीन शब्दांतली आठ रोमन अक्षरं आठ चिठ्ठ्यांवर लिहा : ‘ए’ दोन, ‘टी’ दोन, ‘एम’, ‘एच’, ‘आय’, ‘एस’ प्रत्येकी एक. मुलाच्या पुढ्यात टाका आणि पुस्तकातलं उत्तर येण्याआधी एक रात्र जाऊ द्या. नायकाचं इंग्रजी स्पेलिंग त्याने आधी चार-पाच वेळा पाहिलेलं असेल तरच ते सुटतं, म्हणून पहिल्या दिवसापासून ते एका कागदावर लिहून भिंतीला लावून ठेवा.

मोल लोक इंग्रजीत गावरान बोलतात. त्यांना आपली कोल्हापुरी दिली तर मुलं खूश होतील का?
— आजोबा, शिवाजी पेठ

खूश होतील, पण आमचं मत जरा वेगळं आहे. कोल्हापुरी बोली घराघरांत, तालमीत, शाळेत बोलली जाते. ती फक्त मोलांना दिली तर बाकीचे प्राणी पुण्याचे होतात आणि कोल्हापुरी हसण्यावारी जाते. पुस्तकात मोल हे हसण्याचे प्राणी नाहीत. शत्रूचं भुयार जमिनीतून ओळखणारे ते मठाचे कारागीर आहेत. द्यायचीच तर कोल्हापुरी मथायसला आणि कॉन्स्टन्सलाही द्या. मोलांसाठी संथ, जड, शब्द लांबवून बोलण्याची लकब पुरेशी आहे.

वेढ्याची प्रकरणं मुलीला कळत नाहीत. मठात बसून राहिलं तर शत्रू आपोआप जाईल ना, असं ती विचारते.
— पालक, मंगळवार पेठ

पन्हाळा वीस किलोमीटरवर असताना हे पुस्तकातून समजवायची गरज नाही. तिला घेऊन जा. वेढ्यात टिकायला काय लागतं ते तिथे तीन जागी दिसतं : धान्यासाठी अंबरखाना, पाण्यासाठी अंधारबाव, आत शिरण्याची वाट अडवायला तीन दरवाजा. मग पुस्तकातला मठ पुन्हा बघा : तळं, फळबाग, तळघरातला साठा, चारी बाजूंनी भिंत. अन्न आणि पाणी आत असेल तोवर वेढा घालणाऱ्याचीही उपासमार होते, ही गोष्ट मुलांच्या लक्षात येत नाही. फौज बाहेर बसलेली असते आणि तिलाही रोज खायला लागतं. म्हणून क्लूनीला घाई आहे.

आणि म्हणूनच तो एकामागून एक युक्त्या करतो. झाडावरून तटावर फळी टाकून बघतो, ती जमत नाही आणि तो स्वतःच खाली पडून जायबंदी होतो. भुयार खणतो, मोलांना ते कळतं आणि वरून उकळतं पाणी ओतलं जातं. लाकडी मनोरा आणतो, कॉर्नफ्लॉवर नावाची उंदरीण तो पेटवते. शेवटी तट भेदला जातच नाही, आतल्याच्या घरच्यांना धरून दार उघडवलं जातं. या चार प्रयत्नांचा तक्ता मुलीकडून करून घ्या : साधन काय, कोणी ओळखलं, कशाने मोडलं.

1660 च्या पन्हाळ्याच्या वेढ्याशी ताडून पाहायलाही हरकत नाही. सिद्दी जौहरने मार्चमध्ये वेढा घातला, राजापूरच्या इंग्रजांनी त्याला तोफांची मदत केली, आणि जुलैच्या भर पावसात महाराज विशाळगडाकडे निसटले. तिथे वेढ्यातून बाहेर पडणं हीच मोहीम होती. इथे मथायस तलवारीसाठी बाहेर पडतो आणि परत आत यावं लागतं. हा फरक मुलांना दाखवा. शिवा काशीद आणि बाजीप्रभूंचं बलिदान मात्र कादंबरीतल्या प्रसंगांच्या रांगेत बसवू नका. ते खरे होते, त्यांची गोष्ट वेगळी बसून सांगा.

मेजवानीची वर्णनं ऐकून पोरं ‘उंदरांचा खाऊ’ मागतात. त्यांना स्वतः करता येईल असं काही सुचवा.
— आई, उचगाव

विस्तवाशिवाय होईल असा शेंगदाण्याचा लाडू. भाजून सोललेले शेंगदाणे दोन वाट्या, चिरलेला मऊ गूळ एक वाटीला थोडा कमी. दाणे तुम्ही भाजून पूर्ण गार करून द्या. मिक्सर थांबत थांबत चार-पाच वेळाच फिरवा. सलग फिरवला की तेल सुटतं आणि लाडवाऐवजी चिकट गोळा होतो. कूट भरड असताना गूळ घालून आणखी दोनदा फिरवा आणि मुलांना वळू द्या. वळत नसेल तर चमचाभर तूप. चिकीचा कडक गूळ इथे वापरू नका, त्याचे खडे राहतात. या मापात लहान चौदा-पंधरा लाडू होतात.

रेडवॉलमधलं इंग्लंडचं रान वाचून वाटलं, आपल्या दाजीपूरच्या जंगलावर अशी गोष्ट का असू नये? आमच्या वाचनकट्ट्यावरची मुलं लिहायला तयार आहेत. सुरुवात कुठून करावी?
— ग्रंथालय कार्यकर्ता, राधानगरी

प्राण्याच्या शरीरापासून. कथा, खलनायक, तलवार सगळं नंतर. मुलं लिहायला बसली की पहिल्याच ओळीत शेकरूला पायजमा घालतात, आणि मग ते शेकरू राहत नाही, आठवीतला मुलगा होतो. म्हणून आधी प्रत्येक प्राण्याची एक चिठ्ठी करा आणि त्यावर चारच गोष्टी लिहा : कधी जागा असतो, काय खातो, कशाने सुटतो, काय करूच शकत नाही. चौथी गोष्ट सगळ्यांत कामाची, कथा तिच्यातून निघते.

शेकरू दिवसा जागं, झाडावरच राहणारं, एका उडीत सहा मीटरपर्यंतचं अंतर कापू शकणारं. एकापेक्षा जास्त घरटी बांधतं. जमिनीवर उतरायला नाखूश. म्हणजे ज्या दिवशी त्याला मोकळं रान किंवा रस्ता ओलांडायचा असेल तो दिवस तुमच्या कथेचा सगळ्यांत धोक्याचा. दोन झाडांमधली फांदी कुणी तोडली एवढ्यावर एक प्रकरण उभं राहतं.

पिसोरी म्हणजे आपलं सगळ्यांत लहान हरीण म्हणून ओळखलं जाणारं जनावर, दोन ते चार किलोचं, निशाचर, शिंगं नसलेलं. धोका दिसला की ते आधी जागच्या जागी गोठतं. लढणारा नायक म्हणून ते चालणार नाही, हेर म्हणून उत्तम चालेल. खवले मांजराला दात नाहीत, मुंग्या आणि वाळवी खातं, संकटात चेंडूसारखं गुंडाळून घेतं. त्याच्या तोंडी चावण्याची धमकी घालू नका. साळिंदर काटे फेकून मारत नाही, उलटं मागे सरकून टोचतं. मुलं हमखास बाण मारल्यासारखे काटे उडवतात, तिथे त्यांना थांबवा. गवा हजार किलोपर्यंत भरतो, आणि कळपाला वाट दाखवते ती बहुधा वयस्क मादी. तिला सेनापती करा, सोन्यासारखं पात्र आहे.

सगळ्यांत मोठी कथा धनेशाकडे आहे. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, फट तेवढी ठेवते, आत असताना उडायची पिसं गाळते. नर बाहेरून फळं आणून भरवतो. नराला काही झालं तर आतली सगळी उपाशी. ही ढोल म्हणजे वेढ्यातला किल्लाच, आणि तो कुणी कल्पनेने रचलेला नाही.

चिठ्ठ्या झाल्या की तीन नियम ठरवून भिंतीवर लावा. एक : या जगात माणूस आहे की नाही? पहिल्याच पानावर ठरवा. दोन : हे प्राणी एकमेकांना खातात का? ‘चांगले खात नाहीत, वाईट खातात’ हे उत्तर घेऊ नका, त्यातून गडहिंग्लजच्या बाईंनी मांडलेला दोष तुमच्याही गोष्टीत येईल. बिबट्या खातो आणि तरी शब्द पाळतो, असं करून बघा. तीन : कोण कोणाची भाषा समजतं? सगळ्यांना सगळं कळत असेल तर दुभाष्या, हेर, गैरसमज ही तिन्ही हत्यारं हातची जातात.

नकाशा कथेआधी काढा, आणि चालण्याचा वेग प्राण्यागणिक धरा. खवले मांजराला एका रात्रीत जे अंतर पडेल ते धनेश काही मिनिटांत उडून जातो. मग दोघं एकाच वेळी धरणाकाठी कसे पोचले, याचं उत्तर लिहिणाऱ्याकडे हवं. दहा मुलांचा गट असेल तर प्रत्येकाला एक प्राणी वाटून द्या आणि त्या प्राण्याच्या नियमाविरुद्ध कुणी लिहिलं तर हरकत घेण्याचा हक्क त्या मुलाला द्या. एक प्रकरण दीड-दोन पानांचं ठेवा. लांब प्रकरणं अर्धवट सुटतात.

एकच साचा आहे : मेजवानी, स्वारी, कोडं, तलवार. दुसरं पुस्तक घेतलं तर पुन्हा तेच. मालिका किती वाचायची आणि कोणत्या क्रमाने?
— वाचक, इचलकरंजी

साच्याबद्दल तुमचं बरोबर आहे. मालिकेत 22 पुस्तकं आहेत, शेवटचं लेखकाच्या निधनाच्या वर्षी, 2011 मध्ये आलं. सगळी वाचायची गरज नाही. ‘रेडवॉल’नंतर ‘मॉसफ्लॉवर’ (1988) घ्या. त्यात मार्टिनची आणि मठ उभा राहण्याआधीची हकीकत आहे. मग ‘मॅटिमिओ’ (1989). त्यात मथायसचा मुलगा पळवला जातो, आणि बाप झालेला नायक वेगळा वागतो. प्रसंगांच्या काळानुसार क्रम लावून ‘मॉसफ्लॉवर’ आधी देऊ नका. मार्टिनची आणि तलवारीची हकीकत आधीच कळली तर ‘रेडवॉल’मधला शोध फिका पडतो. या तीन पुस्तकांनंतर मुलाने स्वतःहून चौथं मागितलं तरच द्या.